पाण्याकाठचा मुक्काम

मराठीतला ‘तळ’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. कढईला असतो तो तळ आणि फौज ठोकते तोही तळच. आमच्या हडपसरला गाडीतळ आहे. नाव ऐकून डोळ्यांपुढे सुटलेल्या बैलगाड्या येतात. प्रत्यक्षात तिथे बसगाड्या धापा टाकीत उभ्या असतात. अशा गावात चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला तळ ठोकण्याचे अप्रूप ते काय असणार? म्हणून गेल्या पौषात मुलगा म्हणाला, “आई, शनिवारी आपण सगळे तंबूत राहायला जाऊ,” तेव्हा मी म्हटले, “का रे, घराला काय झालं?”

घराला काही झाले नव्हते. पण हल्ली शहरातली माणसे पैसे देऊन गैरसोय विकत घेतात, आणि आमच्या घरातली माणसेही शहरातलीच झाली आहेत. माणशी ठरावीक रक्कम भरायची. तंबू त्यांचा, अंथरूण त्यांचे, जेवण त्यांचे. आपण फक्त थंडी न्यायची. सूनबाई म्हणाल्या, “चला ना आई, तुमच्याशिवाय मजा नाही.” नातू तर आठवडाभर दिवाणखान्यात चादरीचे तंबू उभारून बसला होता. निघाले.

पवना धरण मावळात आहे. कामशेतहून आत वळून पवनानगर ओलांडले की डोंगरांच्या फटीतून पाणी लुकलुकू लागते. भोवती लोहगड, तिकोना, तुंग. तिकोना नावासारखाच तिकोनी आणि तुंग असा निमुळता की पोराने काढलेल्या चित्रातला डोंगर वाटावा. पवन मावळावर नजर ठेवणारे हे किल्ले आता निळ्यानारिंगी तंबूंच्या रांगांवर नजर ठेवतात. तंबू कसले, फुगवलेल्या छत्र्याच! आत शिरायचे तर रांगावे लागते. या वयात मी नातवाच्या मागोमाग रांगत आत गेले, तेव्हा आमचे ‘हे’ बाहेर उभे राहून इतके हसले की शेजारच्या तंबूतली मंडळीही डोकावली.

संध्याकाळ झाली. शेगडीवर पनीरचे आणि कोंबडीचे तुकडे सळ्यांना टोचून भाजू लागले. कुणी गिटार छेडीत होते, कुणी कर्णा लावून त्या गिटारीचा गळा दाबीत होते. पुरुषांना निसर्ग एकदम आवडू लागतो तो अशा वेळी. बायकांना मात्र आधी न्हाणीघर कुठे आहे ते पाहावे लागते. (होते. स्वच्छही होते. हे लिहायला हवे, कारण प्रवासवर्णने लिहिणारे हे कधी लिहीत नाहीत.)

रात्री दहाला कर्णे बंद झाले आणि मग खरी रात्र सुरू झाली. पाण्यावरून टिटवी ओरडत गेली. तंबूच्या कापडावर दहिवर साचून थेंब ओघळू लागले. मला झोप येईना. आमच्या गावाला तंबूंची ओळख आहे ती आषाढवारीची. दोन्ही पालख्या पुण्याहून हडपसरला येतात आणि तिथे त्यांच्या वाटा फुटतात. ज्ञानोबा दिवेघाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. दिंड्यांचे ट्रक राहुट्या घेऊन पुढे जातात, आणि पाऊस कोसळत असला तरी चिखलात मेखा ठोकून तासाभरात गाव उभे राहते. पण त्या राहुटीचा नि या तंबूचा मेळ मला लागेना. वारकऱ्याचा तळ वाटेवरचा असतो. तो पुढे कुठेतरी निघालेला असतो. आम्ही कुठेच निघालो नव्हतो.

पहाटे मी एकटीच पाण्याकडे गेले. पाण्यावर धुके होते. माझे माहेर शेतकऱ्याचे, त्यामुळे पायांना जमीन ओळखता येते. आमचे तंबू ज्या सपाट पट्ट्यांवर होते ती भाताची खाचरे होती. एकाखाली एक उतरत गेलेली, मध्ये दगडी बांध. मी बांधावरून चालत गेले आणि काठाशी थांबले. बांध थांबला नव्हता. तो तसाच पाण्यात उतरत होता. दहाएक हात त्याचे दगड दिसत होते, पुढे हिरवट अंधार.

पाण्यात कुणी बांध घालीत नाही.

तंबूंचा मालक पन्नाशीचा असेल. तो मागून चहाची किटली घेऊन आला. “मावशी, एवढ्या सकाळी?” मी बांधाकडे बोट केले. तो सहज म्हणाला, “आमचीच जमीन ती. वरची दोन खाचरं राहिली, बाकी धरणात. घर पार तिकडं, ती नाव बांधलीय ना, त्याच्याही पल्याड.” धरणाला पन्नासहून अधिक वर्षे झाली, हा त्यानंतर जन्मलेला. आपले घर त्याने कधी पाहिलेलेच नव्हते. मी काही हळहळीचे बोलणार, तोच त्याने विचारले, “पोहे किती जणांचे?” त्याचे दुःख मी कोण उगाळणार? दोन खाचरांतले भात वर्षाला पुरत नव्हते. तंबूंवर मुलीचे शिक्षण चालले होते. हे त्याने अभिमानाने सांगितले आणि मला ते पटले.

पण त्या सकाळी मला माझ्या गावाचा हिशेब आठवत राहिला. हडपसरची भाजी पिकली ती खडकवासल्याहून निघालेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या मुठा कालव्याच्या पाण्यावर. पुढे शहर अंगावर आले, तेव्हा आमच्याकडच्या मगर मंडळींनी सुमारे चारशे एकर एकत्र करून मगरपट्टा उभारला. जमीन गेली, पण ती त्यांच्या हाताने, त्यांच्या भागीदारीत गेली. मावळात असे विचारणारे कोण होते? एक डोंगररांग ओलांडली की मुळशी. तिथल्या टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले; तरी धरण झालेच. पवनेचे पाणी नदीने खाली उतरते आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडच्या नळांत जाते. तेच पाणी धरणातून थेट बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबार झाला, तीन माणसे मेली. मी ती बातमी तेव्हा वाचली होती. वाचून घडी घालून ठेवली होती, जशी आपण वर्तमानपत्राची घालतो.

पोह्यांच्या वेळी मालकाची आई येऊन बसली. ऐंशीच्या पुढची, गळ्यात तुळशीची माळ. “कुठल्या तुमी?” मी गाव सांगितले, तशी तिचा चेहरा उजळला. “हडपसर व्हय! तुकोबांच्या पालखीसंगं किती बार आले मी तितं. गाडीतळाजवळ एक बाई दर साली गूळ घालून च्या पाजायची. नाव न्हाई इचारलं कधी.” ती बाई मी नव्हते, आणि असते तर किती बरे झाले असते असे वाटून गेले.

मग ती आपण होऊन सांगू लागली. लग्न होऊन आली ती त्या बुडालेल्या घरात. दारात आंबा होता. खळे होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की धरणातले वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते. मग ती लेकाला घेऊन नावेने दर्शनाला जाते. “आमचं जोतं बी दिसतं कवाकवा. खळ्याचा दगूड तर मी डोळं झाकून सांगंल. वैशाखात या, दावते.”

नातवाने विचारले, “आजी, पाण्याखाली घर असतं?” म्हातारी त्याला म्हणाली, “असतं की बाळा. माशांचं.” आणि पोटभर हसली.

निघताना पोरे आमच्या तंबूच्या मेखा उपटून कापडाच्या गुंडाळ्या करीत होती. गवतावर पिवळट चौकोन उमटले होते. दुपारची मंडळी येऊनही ठेपली होती. गाडीत बसल्यावर मी मुलाला म्हटले, “वैशाखात परत यायचं आहे.” तो म्हणाला, “आई, वैशाखात कोण तंबूत राहतं? भाजून निघशील.”

तंबू नसला तरी चालेल, असे मी त्याला सांगितले.