विंचूर परिसरातील शेततळी : खासगी धरणांची सुरक्षितता

निफाड तालुक्यातील विंचूर परिसरात द्राक्षबागांच्या कडेला जमिनीपासून उंच उचललेले जे चौकोनी मातीचे बांध दिसतात, त्यांना शेततळी म्हटले जात असले, तरी ज्या तळ्यातील बरेचसे पाणी भोवतालच्या जमिनीच्या पातळीच्या वर साठते, ते तळे स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने खासगी मालकीचे लहान धरणच होय. कालव्याचे आवर्तन लांबले आणि विहिरी आटल्या की बाग याच साठ्यावर तगते, म्हणूनच त्याच्या सुरक्षिततेचा विचार तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवा.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याच्या कक्षेत पंधरा मीटरहून उंच धरणे आणि दहा ते पंधरा मीटर उंचीची, पण लांबी, साठा वा पूरविसर्ग यांसारखा एखादा निकष पूर्ण करणारी धरणे येतात; शेततळे त्यात बसत नाही, त्यामुळे तपासणीचा भार मालकावरच राहतो. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल तळे, एकास एक उताराचे धरल्यास, सुमारे बावीस लाख लिटर पाणी साठवते. तीन मीटर उंचीच्या पाण्याचा आडवा दाब बांधाच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टन असतो आणि त्याच्या पायथ्याशी बहुधा शेजाऱ्याची बाग किंवा मळ्यातील वस्ती असते.

मोठ्या मातीच्या धरणाला मुख्य भीती पुराचे पाणी माथ्यावरून वाहण्याची असते, म्हणून त्याला सांडवा, म्हणजे जादा पाणी सुखरूप बाहेर सोडणारी वाट, ठेवतात. विहिरीवरून भरल्या जाणाऱ्या उंच तळ्याला पाणलोट नसल्यामुळे सांडवा अनावश्यक वाटतो. परंतु शेतीची वीज अनेकदा रात्री येते, ऑटो स्विचवर मोटार आपोआप चालू होते आणि मालक झोपेत असताना भरलेले तळे काठावरून वाहू लागते. सैल भरावावरून वाहणारे पाणी बाहेरचा उतार झपाट्याने कोरते, म्हणून काठाखाली हातभर अंतरावर बसवलेला आणि पाणी बांधापासून दूर नेणारा एक जाड पाइप येथे सर्वांत मोलाचा ठरतो.

दुसरा धोका तळ्यात अंथरलेल्या कागदाखाली असतो. तळ्याचा प्लॅस्टिक कागद फाटला की पाणी भरावात मुरते. थर देऊन, ओलावा राखून, रोलरने दाबलेला बांध ते काही काळ सोसतो, पण जेसीबीने नुसत्या ढीग केलेल्या मातीत किंवा घुशींच्या बिळांतून ते बारीक कण वाहून नेत आतून पोकळी करत जाते. बाहेरच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी गढूळ दिसू लागणे ही याचीच खूण असून, त्या वेळी तळे सावकाश रिकामे करावे, कारण पातळी झटकन उतरवल्यास कागदामागे अडकलेले पाणी आतला उतार ढासळवू शकते.

तथापि बांध अभेद्य राहिला तरी ओल्या कागदावर पाय ठरत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आधाराशिवाय बाहेर येता येत नाही. विशेषतः मुलांचे बळी यामुळेच जातात. बांध फुटण्याच्या चर्चेत हा धोका मागे पडतो, हे क्लेशदायक आहे. चारही बाजूंना काठावरच्या खुंट्यांना बांधून तळापर्यंत सोडलेले गाठींचे दोर, पाण्यावर तरंगती टायरे आणि कुलूप लागणारे जाळीचे कुंपण बसल्यावाचून तळ्यात पाणी सोडू नये.