पाणंदींतील दिवा

आमच्या कुटुंबांत कोणतीहि वस्तु विकत घ्यावयाची म्हणजे तिच्यावर अगोदर एक लहानसा खटला चालतो. वादी, प्रतिवादी, साक्षीदार सारे घरचेच. न्यायासन मात्र केवळ वयाच्या अधिकारानें आमच्याकडे येतें. धुण्याचें यंत्र, दुसरा फ्रीज, नातीची सतार असे कित्येक खटले आम्हीं आजवर निकालांत काढले आहेत. परंतु गेल्या वर्षीं सायकलीच्या दिव्याचा जो खटला आमच्यापुढें आला, त्यांत न्यायाधीशच अर्धा आरोपी निघाला. ती हकीकत वाचकांस सादर करावी असें वाटलें.

आमचे वडील बंधू निवर्तल्यास बारा वर्षें झालीं. त्यांचा एकुलता एक मुलगा संगणकाच्या एका कंपनींत नोकरीस आहे. रविवारखेरीज दिवसाचा उजेड त्याच्या वांट्यास येत नाहीं. म्हणून तो व त्याचे तीन-चार मित्र शनिवारीं सायंकाळीं भोर तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं जातात, आणि जाड चाकांच्या सायकली घेऊन रात्रीं डोंगराच्या अंगच्या गाडीवाटांनीं व पाणंदींनीं हिंडतात. डांबरी रस्ता त्यांना वर्ज्य! मार्गशीर्षांतील एका रात्रीं मुरमाच्या उतारावर त्याचा दिवा एकाएकीं विझला. वाट पुढें डावीकडे वळत होती. सायकल सरळ ओढ्याच्या घळींत गेली. गळ्याखालचें हाड मोडलें. सहा आठवडे तो हात झोळींत घालून घरीं बसला, आणि हात झोळींतून निघतांच त्यानें नवा, चांगला दिवा घेण्याची गोष्ट काढली. किंमत बारा-तेरा हजारांच्या घरांत. वहिनींनीं उलट मागणी केली कीं, दिवा नको, सायकलच विकून टाकावी.

वहिनी फारशा बोलणार्‍या नव्हेत. "भाऊजी, तुम्ही सांगाल तें मी ऐकेन," एवढेंच त्या म्हणाल्या. हें वाक्य आम्हांला फार जड गेलें. त्याचें कारण असें कीं, तो विझलेला दिवा त्यानें विकत घेतला त्या दिवशीं प्रथम आम्हांलाच आणून दाखविला होता. नऊशें रुपयांचा दिवा. खोक्यावर ठळक अक्षरांत '१०,००० लुमेन' आणि 'आठ तास' असें छापलेलें. आम्हीं तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें आहे. तरीहि तो खोका हातांत घेऊन आम्ही म्हणालों काय, तर "वा! फारच स्वस्तांत मिळाला!"

जें गणित त्या दिवशीं करावयास हवें होतें, तें आम्हीं अपघातानंतर दोन महिन्यांनीं जेवणाच्या टेबलावर बसून केलें. लुमेन म्हणजे दिव्यांतून बाहेर पडणार्‍या एकंदर उजेडाचें माप. साधी मेणबत्ती सुमारें १२ लुमेन देते; जुना ६० वॉटचा पिवळा दिवा सुमारें ७००. त्या दिव्याच्या पोटांत १८ मिलिमीटर जाडीच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या दोन लिथियमच्या नळ्या होत्या. अशी चांगली नळी ११-१२ वॉट-तास शक्ति सांठविते. दोहोंची मिळून २४ धरूं. हल्लींचा एलईडी, वाटेंतील सर्व नुकसानी वजा जातां, एका वॉटामागें शंभराच्या आसपास लुमेन देतो असें धरणें अन्यायाचें होणार नाहीं. म्हणजे दहा हजार लुमेनांस शंभर वॉट लागणार, आणि २४ वॉट-तासांची ती शिदोरी पंधरा मिनिटेंहि पुरणार नाहीं. शिवाय लिंबाएवढ्या त्या डबीला तेवढी उष्णता सोसणारहि नाहीं. उलट आठ तास जळावयाचें तर प्रकाश तीनशें लुमेनांवर ठेवावा लागेल. खोक्यावरचे दोन्ही आंकडे एकाच वेळीं खरे असणें शक्यच नव्हतें. आठवींतल्या मुलानें हें गणित सोडविलें असतें! डबी उघडून पाहिली तेव्हां नळ्या धरून ठेवणारी स्प्रिंग इतकी लेची निघाली कीं, टेबलावर ठोकतांच दिवा जाई व पुन्हां येई. घळीच्या वर नेमकें तेंच झालें असावें.

आमच्या मातोश्रींनीं मध्येंच साक्ष दिली कीं, "ह्यांचे वडील घासलेटच्या दिव्यावर खडकीपर्यंत जात, त्यांचें कधीं हाड मोडलें नाहीं." साक्ष खरी होती, पण गैरलागू होती. त्या काळीं पुण्यांत दिव्याविना सायकल चालविणें हा गुन्हा होता व कोपर्‍यावर पोलीस उभा असे. दिवा हवा तो पोलिसाला दिसण्यासाठीं, वाट आपल्याला दिसण्यासाठीं नव्हे. आमच्या तरुणपणचा डायनॅमोहि त्याच जातीचा. ६ व्होल्ट व ३ वॉटचें तें यंत्र टायरला घासून कण्हत असे; चढावर उजेड मंद, आणि सायकल थांबली कीं काळोख. शहराच्या रस्त्यावर तें चाले, कारण रस्ता पायाखालचा होता. पाणंदींत मात्र दिव्यानें खरोखरीच वाट दाखवावी लागते.

निकाल राखून ठेवून आम्हीं स्थळपाहणीचा हुकूम केला. माघांतील अमावास्येच्या आदल्या रात्रीं आम्ही काका-पुतणे गांवीं गेलों. मित्रांकडून उसने आणलेले तीन दिवे बरोबर होते. आमचें वय पाहतां आम्हीं सायकलीवर बसूं नये असें ठरलें होतें. तो ठराव गांवाची वेस ओलांडतांच आम्हीं मोडला. वहिनींना तें ह्या लेखांतूनच कळेल.

पहिला दिवा लांब पल्ल्याचा. त्यानें दूरचा कडुनिंब शेंड्यापर्यंत उजळला, आणि आम्ही दोघेहि हरखलों. पण चार पावलें गेल्यावर लक्षांत आलें कीं, चाकापुढची वाटच दिसत नाहीं. त्या झगझगीत वर्तुळाबाहेर सारें आणखीच काळें झालें होतें; जणूं विहिरीच्या तळाशीं पाहत चाललों होतों. डोळा काळोखाला सरावण्यास वीस-तीस मिनिटें घेतो, आणि तो सराव एका झोतानें क्षणांत जातो. शिवाय पल्ला वाढविणें हा व्यवहारहि महागाचा. अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाईवर येतो, म्हणून तोच झोत दुप्पट लांब न्यावयाचा तर दिवा चौपट पाहिजे. आणि इतक्या लांबचें पाहून करावयाचें काय? खडकाळ वाटेवर ही मंडळी ताशीं वीस किलोमीटरच्या वर क्वचितच जातात. म्हणजे सेकंदाला साडेपांच मीटर. भान येऊन ब्रेक दाबून थांबेपर्यंत पंधरा-वीस मीटर वाट नीट दिसली कीं पुरे. तेवढी मात्र दोन्ही कडांसह दिसली पाहिजे.

दुसरा दिवा जर्मन नियमांप्रमाणें बनविलेला. समोरून येणार्‍याचे डोळे दिपूं नयेत म्हणून त्या देशांत सायकलीच्या दिव्याचा प्रकाश वरच्या बाजूनें सुरीनें कापल्यासारखा सपाट तोडलेला असतो. डांबरी रस्त्यावर ह्याच्याइतका सभ्य दिवा दुसरा नाहीं असें आमचें मत झालें. परंतु पाणंदींत बाभळीच्या फांद्या नेमक्या तोंडाच्या उंचीवर येतात, आणि त्या सभ्य दिव्याला तेवढ्याच दिसत नाहींत! आमच्या टोपीला एक कांटा अद्याप आहे.

तिसरा दिवा हेल्मेटवर बसविण्याचा. तो लावून आम्हीं मान वळविली कीं उजेडहि वळे. वळणापलीकडे, फांद्यांवर, मागें राहिलेल्या पुतण्यावर, जेथें पाहावें तेथें तो हजर. आम्ही मनांत निकाल लिहूं लागलों. इतक्यांत समोरच्या सपाट दिसणार्‍या वाटेंत पुढचें चाक वीतभर खालीं गेलें आणि आम्ही हॅण्डलावर आपटलों. चर चांगला दोन हात लांब होता. डोळे धड, दिवा धड, आणि चर दिसला नाहीं! पुतण्यानें हातांतला दिवा जमिनीलगत धरून दाखविला, तेव्हां उलगडा झाला. खांचखळगा आपल्याला दिसतो तो त्याच्या सांवलीमुळें. दिवा डोळ्यांच्या अगदीं लगत असला तर प्रत्येक सांवली ज्या त्या वस्तूच्या पाठीमागें लपते, आणि सारी वाट कागदासारखी सपाट भासते. दिवा खालीं, हॅण्डलावर असला म्हणजे प्रत्येक दगड आपली सांवली मागें टाकतो व चराची कड उठून दिसते. तांदूळ निवडतांना बायका ताट उजेडाकडे तिरपें करितात, तें ह्याचसाठीं. ताटावर जन्मभर जेवून ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती अशी, हॅण्डलावर आपटल्यावर!

मग हॅण्डलावर एक रुंद पसरट दिवा व कपाळावर दुसरा सौम्य, अशी जोडी लावून पाहिली. जमिनीची घडण खालचा दिवा सांगे. वळण व फांद्या वरचा. दोहोंचा मिळून उजेड त्या लांब पल्ल्याच्या दिव्याहून कमीच होता, तरी पाणंद अशी दिसूं लागली कीं आम्हांस पुढें जाण्याचा मोह आवरेना.

तेवढ्यांत बांधावरून एक शेतकरी उतरला. शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदां रात्रींच मिळते, तेव्हां तो बिचारा पाणी द्यावयास निघाला होता. आमचे दोन्ही दिवे त्याच्या तोंडावर पडले. हात आडवा धरून तो ओरडला, "काका, दिवा जरा खाली घ्या की! काय बी दिसंना." आम्ही ओशाळलों. आडरानांत आपल्याखेरीज कोणी नसतें ही शहरवासीयांची समजूत असते. वास्तविक रात्रीच्या वेळीं आपणच तेथें पाहुणे असतों. कपाळावरचा दिवा हातमोजे घातलेल्या बोटानें चटकन मंद करतां आला पाहिजे, ही अट आम्हीं त्या ठिकाणीं उभ्याउभ्याच टिपून ठेविली.

परतल्यावर तपशिलाचा पुष्कळ काथ्याकूट झाला. तो सगळा वाचकांच्या माथीं मारीत नाहीं. पावसाचें मात्र सांगितलें पाहिजे. दिव्यावर 'आयपीएक्स ४' लिहिलेलें असेल तर तो शिंतोडे सोसतो. '७' असेल तर मीटरभर पाण्यांत अर्धा तास बुडूनहि टिकतो. भोरचा श्रावण पाहिलेल्यास कोणता घ्यावा हें सांगणें नको. धुक्यांत कपाळावरचा दिवा विझवावा, नाहींतर डोळ्यांपुढें पांढरी भिंत उभी राहते. रंगाविषयीं आम्हां दोघांचा मतभेद कायम आहे. त्याला निळसर पांढरा उजेड आवडतो. आम्हांला किंचित् पिवळसर बरा वाटतो, कारण त्यांत चिखल आणि दगड वेगळे ओळखूं येतात.

दिवा किती वेळ जळेल ह्या प्रश्नांतहि एक मेख आहे. हातदिव्यांसाठीं २००९ सालीं अमेरिकेंत जें एक प्रमाण ठरलें, त्याप्रमाणें सुरवातीच्या एक-दशांशावर उजेड येईपर्यंतचा काळ हा 'जळण्याचा काळ' म्हणून छापतां येतो. म्हणजे हजार लुमेनांचा दिवा शेवटीं शंभरावर रांगत असला तरी तास मोजलेच जातात. तेव्हां दुकानांत 'किती तास?' एवढेंच न विचारतां, 'तासाभरानें किती उजेड उरेल?' असें विचारावें. दिवा तापला कीं चांगला दिवा स्वतःच उजेड कमी करितो. तो दोष नव्हे. वार्‍यांत सायकल चालू असतां तो थंड राहतो, घरांत टेबलावर लावून पाहिला तर लवकर मंदावतो. आम्हीं ह्याच कारणावरून एक निर्दोष दिवा परत करण्याच्या बेतांत होतों!

इतकी तयारी करून आम्हीं खटला पुन्हां सुरू केला. पुतण्यानें लुमेन, वॉट, सांवल्या सर्व कांहीं आईला समजावून सांगितलें. आम्हींहि मधून मधून पुस्ती जोडली. वहिनींनीं सगळें शांतपणें ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला: "विझतांना सांगून विझेल ना?"

आम्ही दोघेहि गप्प झालों. इतक्या रात्रीच्या पाहणींत हा प्रश्न आम्हांला सुचलाच नव्हता. मुलगा पडला होता तो उजेड कमी पडल्यामुळें नव्हे. तो उजेड न सांगतां गेल्यामुळें. नऊशें रुपयांऐवजीं नव्वद हजारांचा दिवा असता आणि तोहि असाच गेला असता, तरी घळ तेथेंच होती.

त्या एका प्रश्नावर आमची अर्धी यादी रद्द झाली. ज्या दिव्यांची शक्ति संपत आली म्हणजे आधीं तांबडा ठिपका लागतो, आणि नंतरहि ते एकदम न जातां कांहीं वेळ अगदीं मंद उजेडावर तग धरतात, तेवढेच विचारांत राहिले. निकाल असा लागला: हॅण्डलावर सुमारें १,२०० लुमेनांचा रुंद दिवा, हेल्मेटवर ६०० चा हलका दिवा, दोघांच्या बॅटर्‍या स्वतंत्र, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील, आणि खिशांत बोटाएवढा तिसरा, घरीं येण्यापुरता. उतारावर दोन्ही दिवे लावल्याखेरीज जावयाचें नाहीं ही अट. एकंदर खर्च तेरा हजार चारशें. पैकीं निम्मी रक्कम आम्हीं दिली. ती भेट म्हणून नव्हे, दंड म्हणून, आणि तसें घरच्या हिशेबाच्या वहींत लिहूनहि ठेविलें आहे.

दिवे आले त्या दिवसापासून ते चार्ज करण्याचें काम वहिनींनीं आपल्याकडे घेतलें आहे. शुक्रवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं फडताळावर ते दोन दिवे तांबडे ठिपके लावून बसतात, आणि ते हिरवे झाल्याशिवाय वहिनी निजावयास जात नाहींत. गेल्या शनिवारीं त्यांना माहेरीं जाऊन यावें लागलें, म्हणून तें काम चिरंजीवांवर सोंपविलें होतें. सायंकाळीं त्या परतल्या तों तो बूट घालून दारांत उभा. मित्रांची गाडी खालीं वाजत होती. पिशवी न ठेवतांच वहिनींनीं विचारलें, "कपाळावरचा भरला?" त्यानें जीभ चावली.

मित्रांना वर बोलावून पोहे करण्यांत आले, आणि मंडळी दीड तास उशिरां निघाली.