नऊ माणसांचा कारखाना

मंडळी, आमच्या कामतघरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही. रात्रभर लूमचा खडखडाट! बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, मजुरी मीटरवर. कारखाने कायद्यात १९४८ पासून आठवड्याला ४८ तास लिहिलेले होते, ते कागदावर.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार, असं टीव्हीवर सांगू लागले. आमच्या गल्लीतले एक विणकर, मूळचे तेलंगणाचे, विचारायला आले. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. म्हणाले, "बाई, मला पण भेटणार का ते पत्र?"

मग मी पुतण्याकडून संहिता मागवून वाचली. पत्र द्यायचं ते आस्थापनेने, आणि आस्थापना म्हणजे जिथे दहा किंवा अधिक कामगार आहेत ती जागा. आता गणित बघा. चोवीस लूम, एक माणूस सहा लूम सांभाळतो, म्हणजे पाळीला चार. दोन पाळ्यांचे आठ, कांडीवाला धरून नऊ. झालं! शेड मोठी असेल तर मधे भिंत घालायची आणि पलीकडचे लूम भावाच्या नावावर करायचे. शिवाय विजेवर चालणारा 'कारखाना' पूर्वी दहा कामगारांचा होता, तो आता वीसचा केलाय. किमान वेतनाला आकड्याची अट नाही, हे खरं. पण आपण कुणाकडे काम करतो, हे आधी दाखवायला नको का?

मुंबईच्या गिरणीत विणकराची पाळी आठ तासांची, त्याला तिकीट नंबर, फंड. (बदलीवाल्यांचे हाल तिथेही होतेच.) १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि त्यानंतर बरंचसं काम खाडी ओलांडून भिवंडीत आलं. नियम मात्र गिरणगावातच राहिले.

शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात पालकांच्या व्यवसायासमोर मी वर्षानुवर्षं 'मजुरी' लिहिलं. मालकाच्या नावाचा रकानाच नव्हता. या गृहस्थांची इथे बावीस वर्षं झाली. त्याचा लेखी पुरावा काय, तर मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. मला काही हसू आलं नाही. पत्र मागा म्हटलं, तर म्हणाले, "मागितलं तर उद्यापासून लूमवर दुसरा उभा."

इचलकरंजी, मालेगावकडचं कुणी वाचत असेल, तर तिकडे हा दहाचा हिशेब कसा बसवतात ते जरूर लिहा.