वॉफलला घर मिळालं त्याची गोष्ट



सुट्टीत मुलांना घेऊन भारतात जाणार असाल तर हे वाचून ठेवा. जरा लांब आहे, पण कामाचं आहे.

गेल्या जूनमध्ये आम्ही न्यू जर्सीहून पुण्याला माझ्या माहेरी गेलो होतो, साडेतीन आठवडे. तिसऱ्याच संध्याकाळी माझी नऊ वर्षांची लेक सोसायटीच्या गेटबाहेर एका उभ्या टेम्पोखाली वाकलेली दिसली. खाली दीड-दोन महिन्यांचं पिल्लू कुईकुई करत होतं. मागच्या पायावरून गाडी गेलेली. "हात लावू नकोस!" असं मी ओरडेपर्यंत तिने त्याला बाहेर ओढलं होतं, आणि कळवळून त्याने तिच्या मनगटाला दात लावला होता. रक्ताचे दोनच थेंब.

पण दोन थेंबही पुरतात हो. आई म्हणाली, "एवढंसं पिल्लू ते, हळद लाव." मी लेकीला नळाखाली उभं केलं आणि साबण लावून घड्याळ बघत पंधरा मिनिटं जखम धुतली. मग सरळ दवाखाना. डॉक्टर म्हणाले, पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. रक्त आलं होतं म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिलं, दंडात लस दिली, आणि कागदावर पुढच्या तारखा लिहिल्या. दिवस 0, 3, 7, 14, 28. त्यातले चार डोस पुण्यात झाले. पाचव्याचं काय करायचं ते इथे आल्यावर डॉक्टरांना विचारून ठरवलं. तुम्हीही तो कागद जपून बरोबर आणा.

इकडे बाबांनी वॉचमनच्या मदतीने गोणपाटात धरून पिल्लू खोक्यात ठेवलं आणि एका शेल्टरला फोन केला. त्यांची गाडी आली. नेताना म्हणाले, "दहा दिवस लक्ष ठेवतो. दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर चावला तेव्हा त्याला रेबीज नव्हता असं धरता येतं. तोवर ताईंची इंजेक्शनं थांबवू नका."

दहा दिवस मी रोज सकाळी फोन करायचे. "पिल्लू कसं आहे?" खरं सांगू? मी पिल्लाची चौकशी करत होते, पण जीव लेकीत अडकला होता. तिला मात्र फक्त पिल्लाचीच काळजी. तिने त्याचं नाव ठेवलं वॉफल. बाबा म्हणायचे वाफाळ.

पाय वाचला नाही, काढावा लागला. पण अकराव्या दिवशी वॉफल तीन पायांवर उड्या मारत होता. त्या रात्री मी किती दिवसांनी नीट झोपले.

आणि दुसऱ्या दिवशी लेकीने विचारलं, "आई, आपण त्याला घरी नेऊ या ना?"

नियम शोधले. 1 ऑगस्ट 2024 पासून सहा महिन्यांखालचं कुत्रं अमेरिकेत आणताच येत नाही. भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे वरून मायक्रोचिप, लसीचं प्रमाणपत्र, रक्ततपासणी आणि ठरावीक विमानतळांवरच उतरणं. म्हणजे नाहीच.

शेल्टरवाल्या ताई म्हणाल्या, "आम्ही एरवी बरं झालेलं कुत्रं त्याच्या जागीच परत सोडतो. पण तीन पायांचं पिल्लू त्या रस्त्यावर किती दिवस टिकेल? आणि इथे ठेवलं तर गर्दीत पार्व्होची भीती. घर बघा."

मग मला एकदम छान कल्पना सुचली. आई-बाबा! दोघंच असतात. सोबत होईल, बाबांचं फिरणं होईल. जेवताना मी हे सगळं अगदी गोड आवाजात मांडलं. बाबांनी शांतपणे ताक प्यायलं आणि म्हणाले, "मी 74 वर्षांचा. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. हिशोब कर. आणि माझे गुडघे धरले की त्याला फिरवायला कोण नेणार? तू, व्हिडिओ कॉलवर?"

मंडळी, मी काय बोलणार? त्यांना सोबत हवी हे खरंच होतं. पण ती त्यांनी मागितली नव्हती, मीच ठरवली होती, माझं मन हलकं व्हावं म्हणून.

आम्ही परत आलो. ऑपरेशनचे पैसे दिले होते. वॉफलचे फोटो मी सगळ्या ग्रुपवर टाकले. "किती गोडुला!" सत्तर-ऐंशी बदाम आले. घर एकही नाही. दोघांनी फोन केला, पण तीन पाय म्हटल्यावर "घरी विचारून सांगतो".

आणि इथे बाबांनी मला चकित केलं. ज्यांनी पिल्लू ठेवायला नकार दिला तेच दर रविवारी रिक्षाने शेल्टरला जाऊ लागले. तासभर बसायचे, आम्हाला फोन लावून वॉफल दाखवायचे. इथे शनिवारची रात्र, लेक जागीच. आणि आठवडाभर बाबा भेटेल त्याला विचारायचे. दूधवाला, हास्यक्लब, बँकेतले लोक.

सातव्या आठवड्यात ते मोगऱ्याचं रोप घ्यायला त्यांच्या नेहमीच्या नर्सरीत गेले. तारेचं कुंपण, मोकळी जागा, मालक कुटुंबासह तिथेच राहतात. बाबांनी विचारलं. मालक म्हणाले, "पळणारं कुत्रं कुंड्या पाडतं. हे कमी पाडेल." एवढंच! शेल्टरने येऊन जागा पाहिली, फॉर्म भरून घेतला, वेळेवर नसबंदी करायचं लेखी घेतलं, आणि वॉफल गेला.

तिथे त्याचं नाव बंड्या आहे. लेकीला ते कळलं तेव्हा ती रडली. "आता तो माझं ऐकणार नाही." मी समजूत घालायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. कारण खरंच ऐकणार नव्हता. तो आता त्यांचा होता, आणि आपण तेच तर मागत होतो.

तर तुम्हाला एवढंच सांगते. निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना रेबीजच्या आधीच घ्यायच्या लसीबद्दल विचारा. रस्त्यावरच्या कुत्र्याला, पिल्लालासुद्धा, हात लावायचा नाही, आधी मोठ्यांना हाक मारायची, हे मुलांकडून घोकून घ्या. आणि जखमी जीव दिसलाच तर शेल्टरला दिला म्हणजे काम संपलं असं समजू नका. पैसे आपण इथून पाठवू शकतो, पण रविवारी रिक्षा करून जाणारं माणूस तिथेच लागतं. ते आधी शोधा, आणि आई-बाबांना गृहीत धरू नका, विचारा.

कालच बाबांचा फोन होता. म्हणाले, "नर्सरीत गेलो होतो. तुझ्या बंड्याने माझा मोगरा पाडला."

घरी सहा मोगरे झालेत त्यांच्याकडे. सातवा कशाला हवा होता, मी विचारलं नाही.