सतराचा पाढा

आखातात गेलेल्या माणसाला शाळेतले पाढे विसरले तरी चालतात, पण त्या वर्षीच्या भावाचा पाढा तोंडपाठ लागतो. मी २००४ साली सौदीत जुबैलला गेलो तेव्हा रियाल बारा रुपयांच्या घरात होता, म्हणून बाराचा पाढा. २००७ च्या सुमारास रुपया चढला, रियाल साडेदहापर्यंत उतरला आणि आमच्या कॅम्पात सुतक आल्यासारखं झालं. २०१३ च्या ऑगस्टात रुपया आपटला, रियाल अठरावर गेला. त्या आठवड्यात बँकेच्या काउंटरवर ही रांग. काही जण उसने पैसे घेऊन गावी पाठवत होते. रियाल डॉलरला ३.७५ वर बांधलेला, तो हलत नाही. हलतो तो आपला रुपया. इकडे पेपरात रुपया पडला म्हणून अग्रलेख यायचे आणि तिकडे आम्ही खुशीत चिकन आणायचो. बोलायला बरं नाही, पण खरं तेच आहे.

मग बरीच वर्षं सतराचा पाढा चालला. नवीन आलेला पोरगा वर्षभर बाहेर चहा पीत नाही, कारण चहा एक रियाल, म्हणजे सतरा रुपये. जुना झाला की तो गुणाकार सोडतो आणि खर्च करायला लागतो. पण परतायचा विचार आला की पाढा पुन्हा सुरू होतो, आणि या वेळी भागाकार करावा लागतो. तो कोणी शिकवलेला नसतो.

आमचं गाव खेड तालुक्यात, जगबुडीच्या खोऱ्यात. आमच्याकडे आखातात पहिले गेले ते मोहल्ल्यातले लोक, १९७३ ला तेलाचे भाव भडकले त्यानंतरच्या वर्षांत. आम्ही वाडीतले मुंबईच्या गिरण्यांत. माझे बाबाही गिरणीतच होते. १९८२ च्या संपानंतर ती वाट बुजली आणि वाडीतली पोरं मोहल्ल्याचा हात धरून विमानात बसायला लागली. मलाही व्हिसा मिळाला तो मोहल्ल्यातल्या एका चाचांच्या ओळखीनं. चाचांनी दम्मामला सव्वीस वर्षं काढली होती. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. पाच वर्षं कॅम्पात एकट्यानं काढली, मग फॅमिली व्हिसा झाला, बायको आणि दोन वर्षांची मुलगी आली. मुलगा नंतर तिकडेच झाला.

२०१७ च्या जुलैपासून सौदी सरकारनं परक्या कामगारांच्या कुटुंबावर फी बसवली. माणशी महिन्याला १०० रियाल. पुढच्या जुलैला २००, मग ३००, आणि २०२० ला ४००. इकामा नवा करताना वर्षाचे पैसे एकदम भरायचे. माझा इकामा नेमका जुलैतच. बायको आणि दोन मुलं, म्हणजे ३,६०० रियाल. सतराचा पाढा लावा, ६१,२०० रुपये. चौथ्या वर्षी हेच १४,४०० रियाल होणार होते. आम्ही कंपनीत विचारलं, तर हा तुमचा घरचा खर्च, एवढंच उत्तर.

त्या महिन्यात जुबैलमध्ये ज्याच्या त्याच्या घरी एकच विषय. शुक्रवारी जेवणं झाली की पुरुष खाली कट्ट्यावर आणि बायका वर गॅलरीत, दोन्हीकडे हिशोब. आमच्या घरी मात्र हिशोब बायकोनं हातात घेतला. ती कॉमर्सची पदवीधर. सौदीत तिचं शिक्षण फळीवर ठेवल्यासारखं होतं. मुलीच्या जुन्या वहीत तिनं मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘इथे’, दुसऱ्या बाजूला ‘गावी’.

‘इथे’चा रकाना दहा मिनिटांत भरला. पगार सगळे भत्ते धरून ६,०००. घरभाडं १,५००, किराणा-मासळी १,३००, दोघांची शाळा आणि बस ६००, पेट्रोल २००, फोन-नेट २००, वीज १००, वरकड ३००. शिल्लक १,८००. त्यातले ६०० आये-बाबांना. राहिले १,२००. आता त्यातून फी वजा करा. पहिल्या वर्षी महिना ३००, मग ६००, मग ९००, मग १,२००. चौथ्या वर्षाच्या ओळीत तिनं शून्य काढलं आणि त्याच्याभोवती पेन गोल फिरवत राहिली. सुट्टीत चौघांचं विमानाचं तिकीट यात धरलेलंच नव्हतं. त्यातच २०१८ च्या जानेवारीत ५ टक्के व्हॅट आला, साधं पेट्रोल लिटरला ७५ हलालांवरून १ रियाल ३७ हलालांवर गेलं, आणि घरगुती विजेचा सुरुवातीचा दर ५ हलालांवरून १८ झाला. जुबैलच्या उन्हाळ्यात एसी बंद करून माणूस राहू शकत नाही. खुबूसचं पाकीट तेवढं एक रियालला मिळत राहिलं.

‘गावी’चा रकाना काही भरेना. आम्ही वर्षाला महिनाभर गावी जाणारे. त्या महिन्यात खर्च होतो तो सुट्टीचा असतो, संसाराचा नव्हे. म्हणून फोन लावला. २०१७ च्या सप्टेंबरात सौदीनं इंटरनेटवरच्या कॉलवरची बंदी उठवली होती, त्यामुळे आये-बाबा समोर दिसत होते. आये म्हणाली, “खायाला किती लागतंय गो? तांदूळ घरचा, नारळ घरचे.” बाबांनी फोन तिच्या हातातून घेतला. “घरचा म्हंजे फुकटचा नाय,” म्हणाले, आणि बियाणं, खत, पॉवर टिलरचं भाडं, लावणीची माणसं, त्यांची मजुरी, वर दोन वेळचं जेवण, असं एकेक सांगत गेले. जमवून पाहिलं तर आमचा भात दुकानातल्या तांदळापेक्षा महाग पडत होता. “मग लावता कशाला?” बायकोनं विचारलं. बाबांना तो प्रश्नच कळला नाही. जमीन पडीक कशी टाकायची?

मासळीचं तर उलटंच. जुबैलला ज्याला कन्नाद म्हणतात ती आपली सुरमई. समुद्राशेजारी जन्म गेलेल्या माणसाला सांगून पटत नाही, पण खेडच्या बाजारात ती तिकडच्यापेक्षा परवडेनाशी असायची.

खरा रकाना भरून दिला तो चाचांनी. त्यांनी परतून पंधरा वर्षं झाली होती. म्हणाले, “बेटा, डाळ-तांदळाचा हिशोब कोण पण करेल. तू वर्गणी लिहिलीस का?” लिहिली नव्हती. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा आखातवाल्याच्या नावापुढं जो आकडा असतो, तो तो परत आल्यावर लगेच खाली येत नाही. देवळाचा जीर्णोद्धार, भावकीतलं लग्न, शाळेचं छप्पर, कोणाच्या तरी आजारपणाला हातउसने. मोहल्ल्यात मशिदीचं, आमच्याकडे सहाणेचं, एवढाच फरक. चाचांचं म्हणणं, परतल्यावर पहिली तीन वर्षं गाव तुला दुबईवालाच समजतं (आमच्याकडे सौदी, कतार, कुवेत, सगळ्याला दुबईच म्हणतात). “ती तीन वर्षं महाग जातात.” बायकोनं देणं-घेणं म्हणून महिना २,५०० लिहिले. आणखी एक ओळ वाढली ती औषधपाण्याची. तिकडे कुटुंबाचा आरोग्य विमा कंपनीनंच काढून द्यायचा, असा कायदा आहे. इथे तो आपल्या खिशातून, आणि बाबांच्या वयाला तर विमावालेही फार उत्सुक नसतात.

गावी महिन्याला २४,००० रुपये, असा आकडा शेवटी निघाला. सतरानं भागा, १,४०० रियाल.

आता तीन वाटा होत्या. सगळ्यांनी तिथंच राहायचं, म्हणजे चौथ्या वर्षी शून्य. सगळ्यांनी परतायचं, म्हणजे लोटे एमआयडीसीत कंत्राटदाराकडे काम. तिथं माझ्या अनुभवाला २०,०००च्या आसपास मिळतील असं समजलं होतं, म्हणजे महिन्याला ४,००० तोटा. आणि तिसरी वाट: बायको-मुलांना गावी पाठवायचं आणि मी पुन्हा कॅम्पात. घरभत्त्याचे १,००० कापले तरी ५,००० उरतात, माझं जेवणखाण ६००, गावी १,४००, शिल्लक ३,०००. म्हणजे ५१,००० रुपये, दर महिन्याला. वहीत बघितलं तर विचार करायलाच नको होता. आमच्या इमारतीतल्या बहुतेकांनी हेच केलं. २०१८ च्या मार्चनंतर रोज कोणाचं तरी सामान जिन्यात. दोनशे रियालला चालू फ्रिज. सोफा तर घेऊन जा म्हणून विनवायचे. मुलीच्या वर्गातली बाकं रिकामी होत गेली आणि ती घरी येऊन आज कोण गेलं ते सांगायची, हजेरी दिल्यासारखं.

मीही कॅम्पात जायला मनानं तयार झालो होतो. पाच वर्षं काढलीच होती की. पण बायको त्या ओळीखाली सही करीना. भांडण असं नाही, पण विषय निघाला की ती भांडी घासायला घ्यायची.

मग एकदा तिनं मला न सांगता आयेला फोन केला. बाबा गिरणीत असताना आये गावी होती. बाबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. बाकी वर्षभर मनीऑर्डर. बायकोनं विचारलं, तुम्ही कसं काढलंत? आये बराच वेळ गाईचं, म्हातारीच्या दुखण्याचं, असलं काहीबाही सांगत राहिली म्हणे. मग म्हणाली की धाकटा दोन वर्षांचा असताना बाबा गणपतीला आले आणि तो पोस्टमन आला म्हणून ओरडत सुटला. वाडीत त्यावर वर्षभर हसत होते. “मी पन हसले,” आये म्हणाली, “पन ते तेवडं बरं नवतं.”

ही गोष्ट मी चाळीस वर्षं ऐकत आलो होतो, नेहमी विनोद म्हणून. आयेनं तिचा शेवट कधी कोणाला सांगितल्याचं मला माहीत नव्हतं.

त्या रात्री बायकोनं वही पुन्हा काढली आणि वेगळाच हिशोब मांडला. सौदीच्या कायद्यात नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांचा अर्धा-अर्धा महिना आणि पुढच्या दर वर्षाचा पूर्ण महिना, असा पगार मिळतो. दहा वर्षं भरलेली असली की राजीनामा दिला तरी त्यात कपात नाही. माझी चौदा वर्षं. अडीच अधिक नऊ, साडेअकरा महिन्यांचा पगार, ६९,००० रियाल. तेव्हा भाव पुन्हा अठराकडे चालला होता. म्हणजे बारा लाखांवर. महिन्याचा तोटा ४,०००, वर्षाचा ४८,०००. तिनं भागाकार केला आणि वही माझ्यापुढं सरकवली. “पंचवीस वर्षं तोट्यात राहता येतंय आपल्याला. अजून काय पाहिजे?”

हिशोब म्हणून तो कच्चाच होता. महागाई नाही, मुलीचं शिक्षण नाही, बाबांचं ऑपरेशन नाही. मी ते बोललोही. ती म्हणाली, “मला माहीत आहे. तुम्ही कॅम्पाचा मांडलात त्यात तरी सगळं होतं का?”

२०१८ च्या जूनमध्ये, पुढची फी भरायच्या आत, आम्ही चौघं खुरूज घेऊन निघालो. खुरूज म्हणजे कायमचं जाण्याचा शिक्का. कंपनीनं शेवटचे पैसे द्यायला अकरा आठवडे लावले, पण दिले.

पंचवीस वर्षांचा तो आकडा तीन वर्षांतच निम्म्यावर आला. खाण्यानं नाही, मुलांची शाळेची व्हॅन, इनव्हर्टर, पावसाळ्यात कोसळलेला गडगा, आणि बाबांची अँजिओप्लास्टी. चाचा बोलले तसं वर्गणीचं पुस्तक आमच्या ओटीवर थोडं जास्तच वेळ उघडं राहायचं. बायकोनं शिकवण्या सुरू केल्या, मी लोट्याहून आल्यावर पंप-मोटारी दुरुस्त करायला लागलो, आणि हळूहळू महिना महिन्याला मिळायला लागला. जे कॅम्पात राहिले त्यातल्या दोघांचे खेडात फ्लॅट झाले. २०२० ला तिकडे व्हॅट एकदम १५ टक्के झाला, विमानं बंद पडली, तरी ते टिकले. त्यातल्या एकाची बायको आमच्याच वाडीत आहे. ती आमच्याकडे आली की दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसतात.

परवा पुतण्या आला. त्याला जुबैलमधलीच ऑफर आहे, २,२०० रियाल. आता रियाल बावीसच्या पुढं आहे, त्यामुळे त्यानं येतानाच गुणाकार करून आणला होता, ४८,४००. मी काही बोलायच्या आधी बायको आतून चष्मा घेऊन आली आणि ओटीवर बसली.

“जेवण कंपनीचं का तुझं?”

“विचारलं नाय, काकी.”

“तिकीट किती वर्षांनी? ओव्हरटाइम कागदावर आहे का तोंडी?”

त्यानं ते कागद दोनदा उलटसुलट केले. मग मुंबईच्या एजंटला फोन लावायला उठला, आणि घरात रेंज नाही म्हणून विहिरीकडे गेला.