शिवणीतली माया

आम्हां धर्मगुरूंना अंगाच्या मापाची चिंता क्वचितच भेडसावते. मिस्साच्या वेळी घालावयाचे सैल वस्त्र उंच, ठेंगण्या, कृश अशा सर्वांनाच सामावून घेते. कोटाचे तसे नाही. शिंप्याने बेतलेला कोट एकाच देहासाठी जन्माला येतो. तो देह आपला नसेल तर काय करावे, हा प्रश्न अंजनगाव सुर्जीच्या एका तरुणाने आमच्यापुढे ठेवला.

त्याचे लग्न पास्काच्या सणानंतरचे होते. कापड, अस्तर आणि शिलाई मिळून नव्या सुटाचा खर्च घरच्या ऐपतीबाहेर जात होता. मोबाइलवर त्याला मापाने शिवलेला, थोडाच वापरलेला कोट स्वस्तात दिसला. आईचा मात्र विरोध. "दुसऱ्याच्या अंगावरचं लेकानं लग्नात घालावं काय?" असे विचारताना तिचे डोळे भरून आले. बोहारणीच्या गाठोड्यात जावयाची वस्तू वेदीपुढे यावी, हे तिला सोसवेना. स्नानसंस्काराचा पांढरा झगा तिच्याच घरी थोरल्याकडून धाकट्याकडे आला होता, याची आम्ही आठवण दिली. ती म्हणाली, "थो मापात बसे, फादर."

माउलीने मर्मावर बोट ठेवले होते. लोंबणारा कोट घरची ओढाताण चारचौघांत बोलून दाखवतो. नीट बसलेल्या कोटाला आधीचा धनी कोण, हे कुणी विचारीत नाही.

अंजनगाव सुर्जीचे नाव १८०३ सालच्या तहामुळे इतिहासात आहे. तहात कलमे आधी ठरतात, सही मागून होते. या खरेदीतही मापे आधी आणि पैसे मागून, हेच शहाणपण. मापाने शिवलेल्या कोटावर बहुधा आकडा नसतो. तयार कोटावर असतो, पण तोही चकवतो. ४० म्हणजे छातीचे इंच, तर युरोपातील ५० म्हणजे छातीच्या घेराचे निम्मे सेंटिमीटर. देह मात्र जवळजवळ तोच! म्हणून आपल्याला चांगला बसणारा एखादा कोट, उसना का होईना, सपाट पसरून मोजावा आणि विकणाऱ्याकडून तशीच मापे मागवावीत. पाठीवरून एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत खांदा. बटणे लावून काखेपासून काखेपर्यंत छाती. कॉलरखालून तळापर्यंत उंची. खांद्यापासून टोकापर्यंत बाही. छातीचा आकडा दुप्पट केल्यावर तो अंगापेक्षा तीन-चार इंच अधिक भरावा, म्हणजे श्वास घेता येतो. लग्न वऱ्हाडच्या उन्हाळ्यात असेल तर कापड किती जाड आणि अस्तर पूर्ण की अर्धे, हेही विचारावे.

सर्वांत आधी खांदा पाहावा. तो चुकला तर कुशल शिंपीही हात टेकतो, कारण बाह्या उसवून कोट जवळजवळ नव्यानेच बांधावा लागतो. उंची फार कमी केली तर खिसे तळाशी आल्यासारखे दिसतात. कंबर आत घेणे सोपे. बाही आखूड करणेही सोपे, मात्र टोकाशी खरी काजे असतील तर ते काम अडते. सैल करावयाचे असेल तेव्हा एकच प्रश्न उरतो: आत माया किती आहे?

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्या भाषेने 'माया' म्हटले, याचे आम्हांला सदैव कौतुक वाटते. बाहेरून ती दिसत नाही. म्हणून शिवणीच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागावे. तरुणाने ते मागितले. खांदा जुळत होता, कंबर मात्र इंचभर तंग. पाठीच्या मधल्या शिवणीत पुरेशी माया होती. गावच्या शिंप्याने ती शिवण उसवली, कंबर सैल केली आणि जुन्या टाक्यांची रेघ इस्त्रीने बरीचशी बुजवली. लग्नाच्या सकाळी आईने स्वतःच्या हातांनी त्याला तो कोट चढवला.

विवाहाच्या तयारीला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही आता हे आवर्जून सांगतो. माणसाचा खांदा, म्हणजे त्याचा मूळ पिंड, लग्नानंतर बदलेल या भरवशावर कुणी राहू नये. तो आधीच पारखून घ्यावा. बाकीचे पुष्कळसे निभावते, आत माया राखलेली असेल तर. त्या अनोळखी शिंप्याने ती आपल्या गिऱ्हाइकाच्या वाढत्या पोटासाठी ठेवली असेल. उपयोगी पडली ती त्याने कधीही न पाहिलेल्या एका नवरदेवाला.