पायऱ्यांचं गाव

फ्रँकफर्टहून मारबुर्गला रेल्वेनं तासभर लागतो. लान नदीकाठी टेकडी, टेकडीच्या अंगावर लाकडी चौकटींची घरं आणि माथ्यावर किल्ला. भाचीनं शनिवार-रविवारसाठी खोली घेतली होती ती वरच्या जुन्या गावात. माझे गुडघे आठवून ती आधीच म्हणाली, "मावशी, लिफ्ट आहे." हॉटेलची नव्हे, गावाची! खालच्या रस्त्यावरून वर नेणारी, सगळ्यांसाठी, फुकट.

खोली ऐन पोटमाळ्यावर. छप्पर इतकं उतरतं की पलंगावर उठून बसताना मान वाकवावी लागे. पण हीटर गरम, दुलई ढगासारखी आणि खिडकीतून नुसती कौलंच कौलं. डिसेंबरच्या थंडीत माणसाला आणखी काय हवं? त्या संध्याकाळी मसाल्याच्या गरम वाइनचा कप हातात धरून आम्ही कुठंच गेलो नाही.

सकाळी मात्र चढलो. या गावात सपाट असं फारसं नाहीच. गल्ली संपली की जिना, जिना संपला की बोळ. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम भावांपैकी याकोब 1802 मध्ये इथल्या विद्यापीठात कायदा शिकायला आला, पाठोपाठ विल्हेल्म. साविन्यी या प्राध्यापकाच्या ग्रंथसंग्रहात जुन्या जर्मन साहित्याची गोडी लागली आणि कायदा मागं पडला. गावानं त्याची आठवण म्हणून किल्ल्याच्या उतारावर सिंड्रेलाचा भला मोठा लाल बूट ठेवलाय. मला तो जरा भडकच वाटला, पण मुलं हटत नव्हती.

किल्ल्यात 1529 मध्ये ल्यूथर आणि झ्विंग्ली हे धर्मसुधारक समोरासमोर बसले होते. पंधरांपैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. पंधराव्यात, प्रभुभोजनाच्या भाकरीत आणि द्राक्षरसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं का, यावर गाडं अडलं ते अडलंच. चौदा जमल्यावर एकासाठी फाटावं, हे आपल्याकडच्या कुठल्याही भाऊबंदकीला समजेल.

खाली एलिझाबेथचं चर्च. हंगेरीची ही राजकन्या विशीतच विधवा झाली. इथं येऊन तिनं इस्पितळ काढलं, रोग्यांची सेवा स्वतःच्या हातानं केली आणि 1231 मध्ये चोविसाव्या वर्षी गेली. चारच वर्षांनी तिला संतपद मिळालं आणि त्याच साली या चर्चचा पाया घातला गेला. दोन मनोरे सरळसोट वर जातात. आत शिरलं की आपला आवाज आपोआप खाली येतो.

पण माझ्या मनात राहिलंय ते निराळंच. रस्ता ओलांडायच्या जागी सिग्नल टकटक करत होता. दुसरा, तिसरा, सगळेच बोलके. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना शिकता यावं म्हणून 1916 मध्ये इथं संस्था निघाली आणि अंध मुलांना थेट विद्यापीठापर्यंत नेणारी शाळा तिथंच वाढली. मुलं गावात विखुरलेल्या घरांमधून राहतात, स्वयंपाक करतात, बाजारहाट करतात. ज्या गावात डोळसाचाही पाय अडखळतो, तिथं!

मी आधी हळहळले. मग बोळात एक मुलगी समोरून आली. पांढरी काठी पायरीच्या कडेला लागली, थबकली, पुन्हा सरकली. ती भराभर खाली उतरत होती आणि आम्ही कठड्याला धरून बाजूला झालो. तेव्हा ध्यानात आलं, काठीला सपाट मैदानापेक्षा पायरी सोपी असणार. कडा आहे, भिंत आहे, उताराचा कल आहे. दगडाला हात लावला की गाव कुठल्या अंगाला आहे ते कळतं. पाहुण्यांसाठी चित्र असलेलं मारबुर्ग तिच्यासाठी नकाशा असावं.

नगरभवनासमोर आम्ही दुपारी बाराला पोचलो. घड्याळावरचा कोंबडा दर तासाला पंख फडफडवतो, म्हणून सगळ्यांनी फोन वर धरले होते. भाची म्हणाली, "मावशी, तूही काढ ना." मी म्हटलं, "तू काढ, मी भाजक्या बदामाच्या गाडीकडं जाते. वास त्या कोपऱ्यातून येतोय."